रात्र होत नाही तोवर

तळ्यावरचा बर्फ फुटून वाहून गेला
की मी शेपूच्या बियांचं रिकामं पाकीट उलटं करते
आणि पाठीवर लिहायला घेते.
या उन्हाळ्यात काय वाचू?
प्रश्न एवढाच.
माणसं पुस्तक सोडून बाकी सगळं सांगतात.

तायमीमावशी म्हणते, ते हिरव्या पुठ्ठ्याचं घे,
दीपस्तंभावर राहणाऱ्या बाईचं.
नाव? नाव कसलं लक्षात राहतंय,
पण त्यात हेरिंग खारवायची कृती आहे,
मी करून बघितली,
मीठ जरा चढलं.

ओइवा वाचनालयाची बस चालवतो.
दर गुरुवारी, पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे त्या ओट्याशी
वीस मिनिटं उभा राहतो, इंजिन चालू ठेवून.
सुचवत बिचवत काही नाही.
एखादं पुस्तक पुढच्या सीटवर काढून ठेवलेलं असतं,
'हे कुणी नेत नाही,' म्हणतो,
आणि रस्त्याकडे बघत राहतो.
मग न्यावंच लागतं.

साईमाचा निरोप ताम्पेरेहून, आवाजातला, मागे ट्रामची घंटा:
आई, हे वाच, पण रडू नकोस हं.
म्हणजे ही रडली आहे.
कुठल्या पानावर, ते मी शोधून काढीन
आणि मग सहज फोन करीन,
बटाटे कसे निघालेत ते सांगायला.

शेजारचा उर्हो, वय नऊ,
कुंपणावर चढून सांगतो: त्यात अस्वल आहे.
दोनदा येतं.

आणि एलिएल, थोरला दीर.
अकरा वर्षं एकच नाव.
युद्धाचं, जाडजूड, करड्या कापडात बांधलेलं.
अकरा वर्षं मी ते पाकिटावर उतरवून घेतलं,
ओइवाकडून आणलं, ब्रेडच्या डब्याशेजारी ठेवलं,
मुदत संपली की परत केलं.
ऑगस्टात कोळंबी सोलता सोलता तो विचारायचा, कसं वाटलं?
नकाशे छान होते, मी म्हणायची.
तो मान डोलवायचा.
आणखी एक कोळंबी घ्यायचा.

यंदा त्याच्या डोळ्यांनी मधोमध साथ सोडली.
कडेचं दिसतं, म्हणतो,
तुझे कान दिसतात, हिल्का, तू दिसत नाहीस.
सुचवायला नाव तेच.
या वेळी एवढंच जास्त म्हणाला:
मोठ्यानं वाच.

म्हणून आम्ही दोघं धक्क्यावर.
रात्रीचे अकरा, ऊन अजून भूर्जांच्या बुंध्यांवर,
दिवा लागत नाही, चष्मा तेवढा लागतो.
पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी साउनाचा धूर.
मी पुस्तक उघडते. चाळते.
पुढून, मागून, पुठ्ठ्याच्या आतसुद्धा.
एकही नकाशा नाही.

एलिएल पाण्याकडे तोंड करून बसलाय.
'कधीच नव्हते,' म्हणतो. 'वाच.'

पहिल्याच वाक्यात एक बाई बादली घेऊन अंगणात येते
आणि पुलाकडे बघते.
पूल अजून उभा आहे.
माझा घसा कोरडा पडतो.
पानावर डास बसतो, मी पुस्तक फटकन मिटते,
उघडते तेव्हा चौथ्या ओळीवर लाल ठिपका,
कुणाचं रक्त, माझं की त्याचं, कोण जाणे.
ओइवाला काय सांगायचं ते गुरुवारी बघू.

तिसऱ्या पानावर
माझ्या आधीच एलिएल अर्धं वाक्य म्हणून टाकतो,
त्या बाईच्या तोंडचं,
आणि लाजून गप्प होतो.
पुढचं आठवत नाही, म्हणतो.

मी बोट ठेवते ओळीवर.
पुढचं वाचते.